आधी नवीनं बोलायचं, मुकादमानं शेवटी

आई, परवा हंगामातला शेवटचा कंटेनर गेटातून बाहेर पडला आणि मी जिंकले. हे असं एका दमात सांगतेय, कारण तू असतीस तर मला उंबऱ्यातच अडवलं असतंस, ‘काय झालं ते आधी सांग, पाणी मागनं पी’ म्हणून. तर जिंकले बघ! पहिल्या दोन कंटेनरनंतर अख्ख्या हंगामात एका पेटीची तक्रार आली नाही. बायकांनी कंटेनरच्या दाराला हळदकुंकू लावलं. ड्रायव्हर हरयाणाचा, सहा फूट उंच, त्याच्याही कपाळाला लावलं, तर तो लाजून हसत उभा राहिला. नारळ मला फोडायला लावला. पहिल्या दणक्यात फुटला नाही, दुसऱ्यात नाही, आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘म्याडम, रागानं हाना की, आमच्यावर यायचा तसला!’ एवढ्या हसल्या सगळ्या की तिसऱ्या दणक्याला नारळ फुटला तो कुणी बघितलाच नाही. आज रविवार. सकाळचं आवरून मिरजेच्या घरात खिडकीपाशी बसलेय आणि तुला लिहितेय. तुला जाऊन बारा वर्षं झाली, अक्षरओळख तुला सहीपुरतीच होती, तरी लिहितेय.

मी आता काय करते ते तुला ठाऊक नाही, म्हणून आधी ते सांगते. तू द्राक्षाच्या बागांत घड वाढवायचीस, मी तेच घड पेट्यांत भरून परदेशी पाठवते. त्या जागेला पॅकहाऊस म्हणतात. पत्र्याची मोठी शेड, आत स्टीलची लांब टेबलं, टेबलाच्या दोन्ही अंगाला बायका, डोक्याला टोप्या, हातात कात्र्या. बागेतून घड आले की त्यातले किडके, फुटके मणी काढायचे, घड डब्यांत ठेवायचे, डबे पेटीत. मग भरलेल्या पेट्या एका गार खोलीत रचून ठेवायच्या, म्हणजे उन्हातून आलेल्या मालाच्या अंगातली ऊब निघून जाते. त्यानंतर कंटेनर, मग जहाज, आणि आठवड्याभरात माल आखातात. ऐंशी बायका आहेत आणि मी त्यांची मॅनेजर. तुझी टोळी चौदा जणींची होती.

ती टोळी मला अजून जशीच्या तशी दिसते. तासगावाकडच्या बागा, सकाळी सहाचा टेंपो, आणि मांडवाखाली माना वर करून चौदा जणी विरळणी करतायत, म्हणजे दाटलेल्या घडातले जादा मणी काढून टाकतायत. दुपारी बाराला तू हाक देतेस आणि सगळ्या बांधावरच्या सावलीला येऊन गोल बसतात. प्रत्येकीपुढे फडक्यात बांधलेली भाकरी. पण फडकं कुणी सोडायचं नाही. आधी एकेकीनं आपलं काय अडलंय ते सांगायचं, आणि तेही सगळ्यात नवी असेल तिनं पहिल्यांदा. जुन्यांनी नंतर, तू सगळ्यांत शेवटी. ‘मुकादम आधी बोलली की बाकीच्या माना डोलावत्यात, अन् डोलावल्याल्या मानंवरनं कळत काय न्हाई,’ असं तू म्हणायचीस. पोटात भूक असल्यामुळं पाल्हाळ कुणी लावत नसे. एकीची कात्री बोथट, एकीच्या मानेत कळ, एकीच्या ओळीत मधमाश्यांचं पोळं. प्रत्येकीचं ऐकून तू पदराच्या टोकाला एक गाठ मारायचीस. ते काम झालं की तिच्यासमोरच गाठ सोडायचीस, ‘ही तुझी सुटली बघ’ म्हणत. हंगाम भरात असला की तुझ्या पदराला चार-पाच गाठी कायम असायच्या. मला त्याची लाज वाटायची. बाकीच्यांच्या आयांचे पदर कसे सरळ असायचे.

आणि तो पाण्याचा दिवस! मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत तुझ्या टोळीत आलेली, आणि शहाणी तर इतकी की विचारू नकोस. एक नवी बाई दुपारच्या गोलात अडखळत सांगायला लागली, की वरच्या घडांना हात पोचत नाही, अन् मी तिला मध्येच तोडून म्हणाले, ‘मग डबा घ्या की पायाखाली, त्यात सांगायचं काय?’ सगळ्या हसल्या. ती बाई खाली बघायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातली कात्री काढून घेतलीस आणि कळशी नि तांब्या दिलास. ‘आज तू पाणी वाढायचं. तोंड उघडायचं न्हाई. कोण काय म्हणालं ते संध्याकाळी मला सांगायचं, अन् तुझ्या शब्दात न्हाई, तिच्या शब्दात.’ मी दिवसभर धुमसत होते. पण अगं, गप्प माणसासमोर बायका काय काय बोलतात! दुपारपर्यंत मला कळलं होतं, की ती नवी बाई चार महिन्यांची पोटुशी आहे, डब्यावर चढायची तिला भीती वाटते, आणि चौदा जणींत ते कसं सांगावं हे तिला उमगत नाही. संध्याकाळी टेंपोत मी ते तुला तिच्या शब्दांत सांगितलं. तू पदराला गाठ मारलीस. दुसऱ्या दिवसापासून तिला घड खाली लोंबणारी ओळ मिळाली आणि मला माझी कात्री परत मिळाली. तू एका शब्दानंही रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

इतकं सगळं बघून मी काय केलं? विसरले. डिग्री झाली, नोकऱ्या झाल्या, पुण्यात काही वर्षं काढली. तिथं कुणी विचारलं, आई काय करायची, तर मी ‘शेती’ म्हणायचे. आपली शेती कुठली! तीन वर्षांपूर्वी पलूसजवळच्या या पॅकहाऊसला मॅनेजर म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात माईक बसवून घेतला. जिना चढून वर माझी काचेची केबिन, खाली ऐंशी टोप्या. ‘टेबल चार, हात चालू द्या.’ ‘बाहेरचं कापड, पिशवी, काही आत आणायचं नाही, दिसलं तर उद्यापासून घरी.’ रोज सकाळी सगळ्यांना उभं करून विचारायचे, ‘कुणाला काही अडचण?’ पाच सेकंद थांबायचे. ‘न्हाई म्याडम.’ मी खूश! आपल्याकडं अडचणच नाही, असं मी मालकांना अभिमानानं सांगायचे. कपाळ माझं.

आणि एक गोष्ट आहे, ती सांगायला जड जातंय, पण तुला नाही सांगायची तर कुणाला. पहिल्याच दिवशी गार खोलीत पेट्या रचणाऱ्या बायकांत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. केस पिकलेले, पण डाव्या भुवईवरचा व्रण तोच. तुझ्या टोळीतली. तिच्या फडक्यातली कारळ्याची चटणी मी कितीदा खाल्लीय! ती माझ्याकडं बघत राहिली, आता हसणार एवढ्यात मी रजिस्टरात मान घातली आणि म्हणाले, ‘नाव?’ तिनं नाव सांगितलं आणि आलेलं हसू गिळलं. मला भीती वाटली होती, की ही आता सगळ्यांपुढं ‘अगं, तू अमकीची लेक न्हवं?’ म्हणेल आणि माझी मॅनेजरकी तिथंच संपेल. ती काही म्हणाली नाही. सगळ्या तिला मावशी म्हणतात. मी मात्र ‘ओ रचणीवाल्या’ अशी हाक मारायचे. आम्ही असे रोज एकमेकींसमोरून जात राहिलो.

या हंगामाचा पहिला कंटेनर गेला आणि आठव्या दिवशी फोनवर फोटो आले. उघडलेली पेटी आणि घडावर बुरशी. सगळ्या पेट्यांना नाही, काहींनाच. मी म्हटलं, बागेचा दोष असेल. दुसरा कंटेनर गेला, पुन्हा तेच. मालकांनी बोलावलं. ओरडणारा माणूस नाही हा, म्हणूनच त्याची भीती वाटते. म्हणाले, ‘म्याडम, तिसऱ्यालाबी तक्रार आली तर हे गिऱ्हाईक गेलं. ते गेलं की शेडला कुलूप. खाली ऐंशी घरं हायत. अन् मग मला मॅनेजरबी लागणार न्हाई.’ तिसरा कंटेनर भरायला सहा दिवस उरले होते. मी मेकॅनिक बोलावला. त्यानं सकाळी येऊन यंत्र बघितलं, यंत्र ठीक. गार खोलीतला थर्मामीटर बघितला, आकडा हवा तिथं. बागेत जाऊन आले, घड टणक, नितळ. मग राग निघाला तो खाली. माईक हातात घेतला आणि म्हणाले, ‘कुणीतरी चुकतंय आणि कुणाला तरी ते माहीत आहे. बोला!’ ऐंशी जणी उभ्या, आणि पंख्यांचा आवाज तेवढा. ‘कुणालाच काही सांगायचं नाही?’ ‘न्हाई म्याडम.’

त्या दुपारी मी शेडच्या मागं गेले. कडुनिंबाखाली रचणीच्या बारा जणी गोल करून जेवत होत्या. हसणं चाललं होतं, एकजण कुणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक माझीच. मी कोपऱ्यावरून वळले आणि सगळ्या गप. हातातले घास हातात. आई, ती शांतता माझ्या ओळखीची होती. बागायतदार मोटारसायकलवरून बांधावर यायचा तेव्हा तुझी टोळी अशीच गप्प व्हायची. त्याला वाटायचं, बायका कशा कामात दंग आहेत. आणि तू डोळ्यानं खुणावायचीस, जाऊ दे ह्याला, मग बोलू. कडुनिंबाखाली उभी राहून मला कळलं, की आता मोटारसायकलवरची मी आहे. तुझी लेक, आणि मोटारसायकलवरची! लाजेनं मेल्यासारखं झालं. तिथून सरळ मागं फिरले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कित्येक वर्षांनी दोन भाकऱ्या थापल्या. दोन्ही वाकड्या झाल्या.

बाराच्या सुट्टीला फडकं घेऊन मी त्या बारा जणींत जाऊन खाली मांडी घातली. म्हटलं, ‘तुम्ही खुशाल जेवा. मी माझं फडकं सोडणार नाही. आधी प्रत्येकीनं आपलं काय अडलंय ते सांगायचं. सगळ्यात नवी आधी, मी शेवटी. मी मध्ये तोंड घातलं तर माझी भाकरी तुम्ही वाटून खा.’ ‘मंग म्याडम उपाशीच मरत्यात,’ कुणीतरी पुटपुटलं. मला हसू आलं, कारण खरं होतं ते. मावशीनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. सगळ्यात नवी होती ती जतकडची बाई, आठवड्यापूर्वी आलेली, बोलण्यात कानडी हेल. तिनं नुसती मान हलवली. बाकीच्यांचंही ‘काय न्हाई, काय न्हाई.’ शेवटाकडची एक मात्र म्हणाली, ‘संडासाची कडी मोडलीया, एकीला भाईर उभं ऱ्हावं लागतंय.’ तीन हंगाम मी त्या दारासमोरून जात होते. ओढणीच्या टोकाला गाठ मारली, आणि सुट्टी संपायच्या आत सुतार बोलावला. संध्याकाळी कडी बसली तेव्हा त्या बाईसमोर जाऊन गाठ सोडली. ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी निघाल्या, हातमोजे मोठे होतात आणि रचणीचं स्टूल डुगडुगतं. दोन्ही संध्याकाळच्या आत. पण माझ्या जिवाची घालमेल काय सांगू तुला! दिवस चाललेले, कंटेनर येणार, आणि मी हातमोज्यांचं ऐकत बसलेली. दहादा ओठांवर आलं, अगं बायांनो, बुरशीचं काय ते बोला! पण कळशी-तांब्या आठवला आणि तोंड दाबून धरलं.

तिसऱ्या दिवशी बघते तर कुणीच फडकं सोडलं नव्हतं. बारा फडकी बांधलेली, माझं तेरावं. जतकडची म्हणाली, ‘अक्का, मला एक कळंना बगा. मागच्या रांगंतल्या पेट्यास्नी लुगडं का पांगरत्यात? थंडी वाजतीया व्हय त्यास्नी?’ आणि स्वतःच हसली. बाकी कुणी हसलं नाही. ‘कुणी आणलं कापड आत?’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, अगदी माईकवरच्या आवाजात. मी फडक्याची गाठ मुठीत आवळून बसले. मग मावशी म्हणाली, ‘माझं हाय. जुनं सुती पातळ हाय, फाडून दोन केल्यात. रोज घरी धुती, वाळवती, अन् पिशवीतनं आणती. गार खोलीत मागच्या कोपऱ्यात वरनं पाणी ठिबाकतंय, दोपारचं दोन घंटे. हंगामाच्या सुरवातीलाच सुपरवायझरला सांगितलं हुतं. त्यो म्हनला, म्याडमला अडचणी सांगायच्या न्हाईत, पेट्या किती झाल्या त्ये सांगायचं. मंग काय करायचं? कुणीतरी लेकरावानी वाढिवल्याला माल त्यो, भिजू कसा द्यायचा? म्हनून पांगरतो. तुमी फेरीला यायच्या आत काढून ठेवतो.’

आई, पेटीच्या बाजूला भोकं असतात, गार वारा त्यातून आत जातो आणि मालाची ऊब काढतो. ओलं झालेलं ते पातळ बाजूनं खाली यायचं आणि भोकं बंद करायचं. आत घड उबदार, दमट, तसेच कंटेनरमध्ये. माझा थर्मामीटर पुढच्या रांगेत टांगलेला, मेकॅनिक आला तो सकाळी, पाणी ठिबकायचं दुपारी. माल वाचवायला म्हणून बाई रोज पातळ धुऊन आणत होती आणि त्याच पातळानं माल नासत होता. आणि मी ओरडणार कुणावर? पेटीला भोकं कशाला असतात, हे तीन हंगामांत मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, हात चालू द्या.

मी एकच विचारलं, ‘मावशी, मला सरळ का नाही सांगितलं?’ ती म्हणाली, ‘सांगणार हुते की. पण तू पयल्या दिशी मला वळखलंस, अन् वळखून नाव इचारलंस. मंग म्हनलं, हिला मीच नको हाय, तर माझं बोलणं कशाला पायजे आसंल.’ ती मला ‘तू’ म्हणाली, बारा जणींसमोर. मी म्हणाले, ‘चुकलं माझं मावशी. ओळखलं होतं मी.’ कामाच्या जागी हे शब्द मी उभ्या जन्मात पहिल्यांदा उच्चारले. ‘मला म्हाईत हाय गं,’ ती म्हणाली, ‘खा आता भाकरी, वाकडी का आसंना.’ मी फडक्याला हात घातला तर जतकडची मध्येच, ‘आवं थांबा, अक्काची पाळी ऱ्हायली की!’ नियम माझाच, बोलणार काय? सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, ‘माझी आई मुकादम होती. द्राक्षाच्या टोळीची. हे मी कुणाला सांगत नाही, माझं हेच अडलंय.’ मावशीनं स्वतःच्या पदराचं टोक घेतलं आणि एक गाठ मारली.

पुढचं भराभर झालं. दुपारी मेकॅनिकला पुन्हा बोलावून मागच्या कोपऱ्यातलं यंत्र उघडलं. पाणी वाहून जायच्या नळीत द्राक्षाचं एक वाळकं पान अडकलेलं, एवढंच! पाव तासात मोकळं झालं. मग मी ऐंशीच्या ऐंशी जणींना दहा-दहा करून गार खोलीत नेलं, रचलेल्या पेटीच्या भोकाशी एकेकीला तळहात धरायला लावला. ‘अगं बाई, वारा येतोय की!’ मावशीनं मागच्या रांगेपाशी हात धरला, पातळ टाकून बघितलं, काढून बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, ‘आधी सांगितलं आसतं तर पातळ तरी वाचलं आसतं माझं.’ सुपरवायझरला मी काही बोलले नाही, कारण माझंच शिकवलेलं तो बोलत होता. तोही आता गोलात बसतो, एकटा पुरुष, मान खाली घालून, आणि बायका त्याची अशी मस्करी करतात की बिचारा घाम पुसत असतो.

तिसरा कंटेनर गेला. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. आठव्या दिवशी टेबलांच्या मधून फिरत असताना फोन वाजला. मजकूर एका ओळीचा होता, माल उत्तम पोचला, पुढचा कधी पाठवताय. मी जिना चढून वर गेले, माईक उचकटून खाली आणला आणि जतकडच्या बाईच्या हातात दिला. ‘तुम्ही सांगा.’ ती आधी घाबरली, मग माईक तोंडाला लावून एवढ्या मोठ्यानं ओरडली, ‘अक्का म्हनत्यात, माल चांगला पोचला ओ!’ कात्र्या टेबलांवर वाजायला लागल्या. ऐंशी कात्र्या स्टीलवर! माझ्या अंगावर आत्ता लिहितानाही काटा आला. माईक त्यानंतर केबिनमध्ये परत गेलाच नाही.

आणि परवा, नारळ फुटल्यावर, मालक सगळ्यांपुढं बोलायला उभे राहिले. मला हार घातला. म्हणाले, ‘आता फलटणला नवं पॅकहाऊस सुरू करतोय, तेबी म्याडमच चालवणार. पण ही जेवणाच्या सुट्टीतली पद्धत, ही कुठल्या ट्रेनिंगची? पुण्याची का?’ आई, पूर्वीची मी असते तर चटकन ‘हो’ म्हणून मोकळी झाले असते, सोपं होतं. मावशी पहिल्या रांगेत उभी होती. मी म्हणाले, ‘नाही. माझ्या आईची. तासगावाकडं द्राक्षाच्या बागांत टोळी होती तिची, चौदा बायकांची मुकादम होती ती. सहीपुरतं शिकलेली.’ मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, गेटावरच्या वॉचमनलाही ऐकू जावं असं. मालक दोन पावलं पुढं आले आणि म्हणाले, ‘मग हार त्यांचा,’ आणि टाळ्या वाजवायला लागले. त्या गलक्यात मावशीनं पदराचं टोक माझ्यापुढं धरलं, गाठ सोडली, आणि म्हणाली, ‘ही तुझी सुटली बघ.’ अगदी तुझ्याच आवाजात. मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. फलटणला पहिले पंधरा दिवस ती माझ्याबरोबर येणार आहे. म्हणते, ‘येती, पर तिकडची माणसं बोलत्यात का न्हाई कुणाला ठावं.’

तर असं सगळं झालं. हार घरी आणलाय, तुझ्या फोटोला घातलाय, आणि कपाट उघडून तुझं हिरव्या काठाचं पातळ बाहेर काढलंय. मिरजेच्या दवाखान्यातून तुझं सामान घरी आणलं तेव्हा त्यात होतं ते. त्याच्या पदराला एक गाठ आहे. टोळी तू वर्षभर आधीच सोडली होतीस, मग ती कुणाची, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. परवापासून पडतोय. बांधावरच्या गोलात तू सगळ्यांत शेवटी असायचीस, आणि तुझी पाळी येईपर्यंत सगळ्यांचे हात फडक्यांच्या गाठींवर गेलेले असायचे. तू म्हणायचीस, ‘माझं काय न्हाई, जेवा.’ दवाखान्यातही मी खुर्ची ओढून बसले तेव्हा तू हेच म्हणालीस, ‘माझं काय न्हाई, तू जेवून घे.’ आणि मी जेवायला गेले. हे पत्र आता त्याच पातळाच्या घडीत ठेवणार आहे. ऐंशी जणींचं ऐकते म्हणून मला हार घातला, आई, आणि तुझं काय अडलं होतं ते मी एकदाही विचारलं नाही. गाठ मी सोडलेली नाही.